नाशिककरांनो, चित्रपटावर लिहायला लागा!

12 सप्टेंबर 2025. एकाच शुक्रवारी तीन मराठी चित्रपट लागले. 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट'. पुढच्याच शुक्रवारी 'साबर बोंडं' आला. म्हणजे आठ दिवसांत चार. घरटी बजेट मात्र एकाचं, फार ताणलं तर दोनाचं. तिकीट, पार्किंग, मध्यंतरातले पॉपकॉर्न, सगळा हिशेब धरला की चौघांचं कुटुंब महिन्यातून एकदाच थेटरात जातं.

मग त्या चारांतला कोणता बघायचा, हे आपण कशावरून ठरवलं?

आठवून बघा. कुणी तीस सेकंदांची रील बघितली. कुणी पोस्टरवरचे साडेचार तारे बघितले. ते तारे कुणी दिले, हे वाचायला भिंग लागतं. कुणाला व्हॉट्सॲपवर 'मस्त आहे, बघच' असा निरोप आला. पण चित्रपट कशाबद्दल आहे, कुठे जमलाय, कुठे फसलाय, हे कुणीतरी शांतपणे बसून मराठीत लिहिलंय आणि आपण ते वाचून तिकीट काढलंय, असं कितीदा झालं?

हे परीक्षण आपल्या डोळ्यांदेखत आटत चाललंय. वर्तमानपत्रात त्याची जागा अर्ध्या पानावरून चौकटीवर आली आणि चौकटीतून ताऱ्यांवर. शुक्रवारचं परीक्षण आणि गुरुवारची जाहिरात यांच्यातला फरक पुसट झाला. पैसे घेऊन कौतुक करणारे वाढले, तसे पैसे घेऊन बदनामी करणारेही वाढले. अजूनही नेटानं, प्रामाणिकपणे लिहिणारे समीक्षक मराठीत आहेत. पण मानधन तुटपुंजं, जागा दीडशे शब्दांची आणि वाचकाची दाद शून्य. तरी ते लिहितात, हेच नवल.

चांगलं परीक्षण काय करतं, ते 'स्थळ' या चित्रपटावरून बघू. जयंत सोमलकर यांचा हा चित्रपट 7 मार्च 2025 रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, कापूस पिकवणारा बाप, आणि शिकायचं म्हणणारी सविता. तिला स्थळं येतात. चित्रपट सुरू होतो तो मात्र उलट्या बाजूनं: मुलगा बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत. थेटरात हशा पिकतो. ते स्वप्न असतं. मग खरा कार्यक्रम सुरू होतो. नाव, शिक्षण, उंची, छंद. पुन्हा नवं स्थळ, पुन्हा तेच प्रश्न, तीच बैठक, तोच ट्रे. तिसऱ्या-चौथ्या वेळी कंटाळा येऊ लागतो.

इथे समीक्षकाचं काम सुरू होतं. तो सांगतो, बाबांनो, हा कंटाळा दिग्दर्शकानं मुद्दाम पेरलाय. आपण चार वेळा बघून वैतागलो. सविताला ते वर्षानुवर्षं सोसायचंय. एवढं एक वाक्य वाचून गेलेला प्रेक्षक मध्यंतरात उठून जात नाही. आणि ज्यानं ते वाचलं नाही, तो बाहेर येऊन 'स्लो आहे' म्हणतो. 'स्लो आहे' या दोन शब्दांनी मराठीतले किती चित्रपट मारले, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

कौतुक म्हणजे परीक्षण नव्हे, हेही सांगून टाकतो. 'दशावतार'मध्ये एक्क्याऐंशी वर्षांच्या दिलीप प्रभावळकरांनी बाबुली मेस्त्री जो उभा केलाय, त्याला तोड नाही. दृष्टी अधू होत चाललेला म्हातारा नट रंग फासून उभा राहतो तेव्हा वय कुठल्या कुठे जातं. पण उत्तरार्धात चित्रपटाला जे म्हणायचंय ते तो जरा मोठ्यानं म्हणतो. बाबुलीच्या देहबोलीनं सांगितलेलं संवादांनी पुन्हा सांगायची गरज नव्हती. हे माझं मत. तुमचं वेगळं असेल, असावंही. पण 'मराठी चित्रपट आहे, उणं बोलू नका' हा आग्रह चित्रपटाच्या हिताचा नाही. लाडानं बिघडलेलं पोर आणि गोड बोलण्यानं बिघडलेला दिग्दर्शक, दोघांनाही सुधारायला वेळ लागतो.

हे सगळं मी नाशिककरांनाच का सांगतोय? कारण या बाबतीत आपल्या गावावर जरा जास्त जबाबदारी आहे.

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, हे आपण शाळेत पाठ केलं. 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत गाजल्यावर ते कंपनी घेऊन नाशिकला आले. 1917 चा 'लंका दहन' नाशिकच्या काळातला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता, दोन्ही भूमिका केल्या. 1918 मध्ये हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी इथेच उभी राहिली. पुढच्या वर्षी 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली. कुसुमाग्रजांनीही उमेदवारीच्या काळात नाशिकच्याच गोदावरी कंपनीत काम केलं, 'सती सुलोचना'ची पटकथा लिहिली आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक असतं.

कमी ठाऊक असतं ते पुढचं. फाळक्यांनी 1917-18 मध्ये 'नवयुग' मासिकात भारतीय चित्रपटावर मराठीत लेख लिहिले. आपण या धंद्यात कसे पडलो, काय अडचणी आल्या, या कलेचं भवितव्य काय, हे त्यांनी वाचकांसमोर मांडलं. त्यांना कॅमेरा पुरेसा वाटला नाही. लेखणीही हातात घ्यावीशी वाटली. म्हणजे चित्रपट आणि चित्रपटावरचं मराठी लेखन ही जवळजवळ एकाच वयाची भावंडं.

आणि 'रसरंग' आठवतंय? आपल्या आईवडिलांना विचारा. केशकर्तनालयापासून एसटी स्टँडपर्यंत दिसणारं हे चित्रपट-साप्ताहिक मुंबईहून नव्हे, नाशिकहून, दैनिक 'गावकरी'च्या घरातून निघायचं. इसाक मुजावरांसारखा चित्रपटांचा चालताबोलता कोश त्याचा संपादक होता. महाराष्ट्रभरचे लोक सिनेमाबद्दल काय वाचतील, हे एके काळी आपल्या गावात ठरायचं!

आज आपण काय करतो? पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे पाहुण्यांना नेतो, फोटो काढतो. स्मारकाच्या डागडुजीच्या बातम्या वर्षानुवर्षं वाचतो. ती डागडुजी व्हायलाच हवी. पण चित्रपट बघून त्यावर बोलणारे लोकच गावात उरले नाहीत, तर त्या सिमेंटला अर्थ काय?

आता कुणी म्हणेल, परीक्षण वाचून कोण थेटरात जातं? मोठ्या चित्रपटांच्या बाबतीत मान्य. त्यांना कोट्यवधींची जाहिरात असते. परीक्षणाची गरज असते ती छोट्याला. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, लग्नाचा तगादा लावणारे नातेवाईक आणि बालपणीचा मित्र बाळ्या. दोन पुरुषांमधलं प्रेम इतक्या हळुवारपणे मराठीत क्वचितच दिसलं असेल. असा चित्रपट पोस्टर बघून कळत नाही. कुणीतरी हात धरून दाखवावा लागतो.

त्यात मल्टिप्लेक्सचं गणित निर्दय आहे. शुक्रवार, शनिवार, रविवार, एवढीच मुदत. खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारपासून खेळ कमी होतात, उरलेला एखादा खेळ अडनिड्या वेळेला ढकलला जातो आणि दुसऱ्या शुक्रवारी नावच दिसत नाही. प्राइम टाइमला मराठी चित्रपट दाखवण्याचा निर्णय राज्य सरकारनं 2015 मध्ये जाहीर केला. त्यावर भरपूर वाद झाला. पण सरकार पडदा देईल, खुर्चीत कोण बसणार? माऊथ पब्लिसिटीला पूर्वी चार आठवडे मिळायचे. आता तीन दिवस मिळतात. म्हणून पहिल्या तीन दिवसांत नेमकं आणि विश्वासानं कुणीतरी बोलणं, ही छोट्या चित्रपटाची प्राणवायूची नळी आहे.

परीक्षण मोजकेच लोक वाचतात म्हणावं, तर निर्मात्यांना त्याची धास्ती का वाटते? तमिळ निर्मात्यांच्या संघटनेनं 2024 च्या अखेरीस मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रदर्शनानंतर पहिले तीन दिवस ऑनलाइन परीक्षणं थांबवा, अशी मागणी होती. न्यायालयानं अशी सरसकट बंदी घालायला नकार दिला. निर्मात्यांची व्यथा खोटी नाही. सुपारी घेऊन चित्रपट पाडणारे आहेतच. पण त्यावरचा उपाय तोंड बंद करणं हा नव्हे. खोट्या आवाजांच्या शेजारी खऱ्या आवाजांची संख्या वाढवणं, हा आहे.

आणि ते आवाज आपणच आहोत. त्यासाठी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची पदवी लागत नाही. 1968 मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी सुरू झाली, ती चित्रपटवेड्यांच्या हौसेतून. सुधीर नांदगावकरांनी आयुष्यभर तेच काम केलं, त्यातूनच 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिक निघालं आणि मराठीतली एक पिढी सिनेमा वाचायला शिकली. अरुण खोपकरांच्या गुरुदत्तवरच्या पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अशोक राणे यांना सर्वोत्कृष्ट समीक्षकाचा. गणेश मतकरींची पुस्तकं आजही दुकानात मिळतात. शिदोरी तयार आहे. उघडायची आपण.

आपल्याकडे जागाही आहेत. 1840 पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आहे. कुसुमाग्रज स्मारक आहे. महिन्यातून एक संध्याकाळ, एक चित्रपट आणि नंतर तासभर खुली चर्चा, एवढंच मागायचं. पुस्तकांवर चर्चा होते तिथे चित्रपटांवर का नको? मे महिनाभर गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला रंगते. तिथे एक पुष्प त्या वर्षीच्या मराठी चित्रपटांसाठी ठेवा, असं पत्र आपण पन्नास जणांनी मिळून लिहिलं, तर संयोजक नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

मालेगावला विसरू नका. शंभरेक किलोमीटरवर, यंत्रमागांच्या खडखडाटात, नासिर शेख आणि मित्रांनी उसनवारीवर 'मालेगाव के शोले' काढला. त्यांच्यावरचा रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' 28 फेब्रुवारी 2025 रोजी लागला. मैत्रीचा ओलावा त्यात झकास उतरलाय. गाव मात्र थोडं जास्तच साफसूफ दिसतं, असं मला वाटलं. पण मालेगावकरांना काय वाटलं? ते मराठीत, उर्दूत, हिंदीत कुणी लिहून घेतलं का? आपल्याच जिल्ह्यावरचा चित्रपट, आणि त्याबद्दलचं मत आपण मुंबई-दिल्लीच्या समीक्षकांकडून घ्यायचं? नाशिक आणि मालेगावच्या पोरांनी एकत्र बसून हा चित्रपट पुन्हा बघावा, भांडावं, लिहावं. कार्यक्रम ठेवा, मी येतो.

शिक्षकांनो, नववीच्या मुलांना निबंधाला एकदा 'मी पाहिलेला चित्रपट' द्या आणि अट घाला: कथा चार ओळींत संपवायची, बाकी सगळं 'मला काय वाटलं आणि का'. मुलं थक्क करतील. कॉलेजच्या मुलामुलींनो, रील तुमचंच माध्यम आहे. तीस सेकंदांऐवजी तीन मिनिटं घ्या, एक प्रसंग निवडा आणि तो का जमला ते सांगा. पैसे घेतले असतील तर तसं सांगा, घेतले नसतील तर तेही सांगा. आजीआजोबांनो, तुम्ही 'श्यामची आई' थेटरात बघितलेली माणसं. तुमची तुलना आम्हाला हवी आहे. संपादक मंडळींनो, आठवड्याला सहाशे शब्द द्या. फक्त सहाशे.

आणि एखादं परीक्षण आवडलं, तर लिहिणाऱ्याला तसं कळवा. पटलं नाही तर का पटलं नाही ते कळवा. शिवी नको, मुद्दा द्या. कुणीतरी वाचतंय एवढं कळलं तरी माणूस पुढच्या शुक्रवारी पुन्हा लिहायला बसतो.

येत्या शुक्रवारी आपल्या शहरात कोणता मराठी चित्रपट लागतोय, ते आजच बघा. रविवारच्या आत जाऊन या. रात्री जेवण झाल्यावर दहा ओळी लिहा, स्वतःच्या नावानिशी. सोसायटीच्या ग्रुपवर टाका, वर्तमानपत्राला पाठवा, वाचनालयाच्या फलकावर लावा. सोमवारी खेळ कमी व्हायच्या आत त्या दहा ओळी लोकांपर्यंत पोचल्या पाहिजेत.