सगळ्यांनी एकदम घर रिकामं करा!

क्लाऊड विकणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत दोन वाक्यं हमखास टाकतो. एक, "हवं तेव्हा मशीन मोठं करा, हवं तेव्हा लहान करा." दोन, "एक पडलं तरी दुसरं चालू राहील." दोन्ही खरी आहेत. फक्त दोन्ही एकाच वेळी खरी असतील असं तो म्हणालेला नसतो, आणि आपण विचारलेलं नसतं.

अझूरचा अव्हेलेबिलिटी सेट घ्या. तुमची मशिन्स वेगवेगळ्या रॅक्सवर पसरवायची (जास्तीत जास्त ३ फॉल्ट डोमेन्स), म्हणजे एका रॅकची वीज गेली तर सगळी जात नाहीत. शिवाय अपडेट डोमेन्स, न सांगता ५, मागितली तर २० पर्यंत, म्हणजे मायक्रोसॉफ्टची देखभाल चालू असताना सगळी एकदम रिबूट होत नाहीत. अशी दोन किंवा जास्त मशिन्स ठेवलीत तर ९९.९५ टक्क्यांची हमी. ३० दिवसांच्या महिन्यात साडेएकवीस मिनिटं बंद, बस्स.

आता ट्रॅफिक वाढला आणि मशीन मोठं करायचंय. नवी साइझ त्याच हार्डवेअर क्लस्टरमध्ये मिळत असेल तर काहीच प्रश्न नाही. एकेक मशीन रिबूट होतं, लोड बॅलन्सर बाकीच्यांकडे काम वळवतो, कुणाला पत्ताही लागत नाही. पण नवी साइझ तिथे नसेल (जुन्या पिढीच्या प्रोसेसरवरून नव्या पिढीवर उडी मारताना हे होऊ शकतं) तर अझूर सांगतं की सेटमधली सगळी मशिन्स आधी डीअ‍ॅलोकेट करा. सगळी! एकदम बंद पडू नयेत म्हणून ज्यांना एकत्र बांधलं, ती एकदम बंद करा.

हे ऐकून एका क्लायंटच्या मॅनेजरने विचारलं होतं, "मग सेट घेतला कशाला?" मीटिंगमध्ये दोघंतिघं हसले. मला विचाराल तर त्या दिवशीचा तो सगळ्यात शहाणा प्रश्न होता.

कारण समजायला आपली सोसायटी पुरेशी आहे. वेगवेगळ्या मजल्यांवर राहात असलात तरी इमारत एकच. गॅलरी आत घ्यायची तर एकटे जोशी घेऊ शकतात. पण या इमारतीत बसणारच नाही एवढा फ्लॅट हवा असेल तर रिडेव्हलपमेंट, आणि मग सगळ्यांनीच सामान बांधायचं. सेटमधली सगळी मशिन्स एकाच क्लस्टरमध्ये असतात. एकही मशीन तिथे बसलेलं असेपर्यंत सेट हलत नाही. सगळी उठली, की पहिलं मशीन जिथे सुरू होईल तिथे बाकीच्यांनी जायचं. त्या क्षणी तिथे जागा मिळेलच याची खात्री नाही, हे वेगळंच. शिवाय नुसतं विंडोजमधून शटडाऊन केलं म्हणजे डीअ‍ॅलोकेट झालं असं नाही. जागाही अडून राहते आणि बिलही चालू राहतं. टेंपररी डिस्कवर काही ठेवलं असेल तर ते मात्र डीअ‍ॅलोकेट करताना गेलंच समजा.

आणि ती ९९.९५ ची हमी? मशिन्स तुम्ही स्वतः बंद केलीत, त्यामुळे ती वेळ त्यांच्या हिशेबात धरतच नाहीत. तुमच्या ग्राहकाच्या हिशेबात धरतात.

माझी तक्रार अझूरवर नाहीये. लोखंड शेवटी कुठेतरी खोलीतच असतं. तक्रार आहे ती आपल्या डिझाईन डॉक्युमेंट्सवर, जिथे "हाय अव्हेलेबिलिटी: होय" असं लिहून टिकमार्क केली जाते. कशापासून, ते कुणी लिहीत नाही. साइझ बदलणं हा काही लाखात एखादा प्रसंग नव्हे. जुन्या ए सिरीजची मशिन्स २०२४ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा तुमची इच्छा असो नसो, हलावंच लागलं. नवीन काम असेल तर मी सरळ झोन्स मागतो. तिथे हमी ९९.९९ ची आहे आणि मशिन्स एका क्लस्टरला बांधलेली नसतात. सेंट्रल इंडिया रीजनमध्ये झोन्स आहेत. (सेंट्रल इंडिया म्हणजे पुणे. भारताचं केंद्र कुठे आहे हे मायक्रोसॉफ्टलाही कळलं तर!)

जुना सेट गळ्यात असेलच तर रात्री दोनला सगळं बंद करण्याची परवानगी मागण्याआधी दुसरा मार्ग बघा. नव्या साइझचा नवा सेट शेजारी उभा करा, त्याच लोड बॅलन्सरमागे जोडा, जुनी मशिन्स एकेक करून काढा. पूर्वीच्या बेसिक लोड बॅलन्सरला एकाच सेटमधली मशिन्स चालायची. तो सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाला. स्टँडर्डला त्याच व्हर्च्युअल नेटवर्कमधली कुठलीही चालतात. काही तास दुप्पट भाडं पडेल, तेवढं पडू द्या. एसक्यूएल सर्व्हरचा ऑलवेज ऑन ग्रुप असेल तर जरा जास्त खटपट. नव्या सेटमध्ये नवी रेप्लिका जोडायची, ती पूर्ण सिंक होईपर्यंत थांबायचं, मग फेलओव्हर, आणि जुनी रेप्लिका सगळ्यात शेवटी काढायची. डेटा टेराबाईट्समध्ये असेल तर हे शुक्रवारी संध्याकाळी सुरू करू नका.