काचेचा डबा, रंगीत दिवे आणि कंत्राटी कामगाराचे 72 हजार

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात बारावी किंवा डिप्लोमाचं पोरगं कॉम्प्युटरसाठी हट्ट धरून बसलंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या महाड-पोलादपूरकडे हल्ली 'गेमिंग पीसी' नावाचा एक डबा विकला जातो. बाजूला काच, आत सात रंगांचे फिरणारे पंखे, पुढे 'आय-सेव्हन'चं चकचकीत स्टिकर. दुकानात लाईट बंद करून दाखवतात, पोराचे डोळे चमकतात, बाप खिशात हात घालतो. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात ना, तो प्रकार.

बिरवाडीकडचे एक ओळखीचे आहेत. वसाहतीतल्या कारखान्यात कंत्राटी, बारा तासांची पाळी. पतपेढीचं कर्ज काढून 72 हजारांचा असा डबा मुलाला घेऊन दिला. महिनाभरात पोराची कुरकुर सुरू झाली. व्हॅलोरंट उघडत नाही, 'टीपीएम' नाही म्हणतं. नवा गेम टाकला की चित्र अडकत अडकत चालतं. दुकानदार म्हणाला, "काका, तुमचं इंटरनेट स्लो आहे." शेवटी ते डबा घेऊन माझ्याकडे आले. दोन स्क्रू काढले आणि आत बघितलं.

आय-सेव्हन होता, खोटं नाही. पण आय-सेव्हन 3770. हा आकडा वाचायला शिका, बाकी काही नाही कळलं तरी चालेल. इंटेलच्या अशा चार आकडी नंबरात पहिला आकडा पिढीचा असतो. 3770 म्हणजे तिसरी पिढी, बाजारात आली 2012 साली. पाच आकडी 12400 असेल तर बारावी पिढी, 2022 ची. बाराव्या पिढीतला साधा आय-थ्री 12100 सुद्धा त्या जुन्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. त्यात विंडोज 11 ला अधिकृतपणे इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 लागतं. इथे दुकानदाराने पळवाट काढून विंडोज 11 बसवलेलं. व्हॅलोरंट मात्र विंडोज 11 वर टीपीएम आणि सिक्युअर बूट तपासतं, तिथे पळवाट चालत नाही. इंटरनेटचा काय संबंध?

ग्राफिक्स कार्ड जीटी 730. डब्यावर '4 जीबी' मोठ्या अक्षरात. हे मॉडेल 2014 चं आणि तेव्हाही ते गेमसाठी नव्हतंच, स्क्रीनवर चित्र यावं एवढ्यासाठी होतं. जीबी बघून कार्ड घेणं म्हणजे टाकी किती लिटरची ते बघून गाडी घेणं. इंजिन कुणी बघायचं? रॅम 16 जीबी, पण डीडीआर-3, म्हणजे ऑफिसांच्या भंगारात निघालेल्या मशीनमधली. दुकानदाराचं म्हणणं, "रॅम महागलीय साहेब." महागलीय हे खरंच आहे. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी ओढून घेतली, गेल्या दिवाळीपासून नवीन रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले, मायक्रॉनसारख्या कंपनीने डिसेंबर 2025 मध्ये आपला 'क्रुशल' हा किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण ती टंचाई दाखवून भंगारातली रॅम नव्याच्या भावात लावायची, ही कुठली रीत?

आता बिल. बिल नाहीच. एका छापील एस्टिमेटच्या कागदावर 'गेमिंग पीसी आय7 - 1 नग - 72000'. कुठला बोर्ड, कुठलं कार्ड, सिरीयल नंबर काय, काही नाही. पक्कं बिल मागितलं तर "18 टक्के वर लागतील." म्हणजे कर सरकारचा चुकवायचा आणि वॉरंटी गिऱ्हाईकाची बुडवायची, एका कागदात दोन कामं.

बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार 'अनुचित व्यापारी प्रथा' आहे, कायद्यात स्पष्ट लिहिलंय. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, ऑनलाइन 'ई-जागृती'वर तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, कच्ची पावती, चॅट हे पुरावे जोडता येतात. आपली माणसं मात्र "कुठे अलिबागला खेटे घालायचे" म्हणून गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यावर यांची दुकानं चालतात.

दुसरी बाजू आपल्या घरातली. "गेम खेळायला एवढे पैसे?" म्हणणारे काका-मामा. ज्या मशीनवर नीट गेम चालतो, त्याच मशीनवर व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅड, थ्रीडीचं काम चालतं. आणि पोरं नुसती खेळली तरी बापाचे पैसे लुटले जावेत असं कुठे आहे? तुम्ही या विषयाला फालतू समजता म्हणून चार प्रश्न विचारायला सोबत जात नाही. बैल घेताना दात बघणारी आपली माणसं, इथे नुसते दिवे बघून पैसे मोजतात.

मग 70-75 हजारांत काय करायचं? मॉनिटर सोडून जी रक्कम उरते, तिचा एक तृतीयांश ते 40 टक्के भाग ग्राफिक्स कार्डाला. आधी कार्ड ठरवायचं, मग बाकीचं. आरएक्स 6600, आरटीएक्स 3060, 4060 या वर्गातलं कार्ड साध्या 1080 रिझोल्युशनच्या मॉनिटरला पुरेसं आहे. प्रोसेसर रायझन 5 5600 किंवा आय-फाइव्ह 12400एफ, दोन्हीत सहा कोअर. 'एफ' म्हणजे त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागणारच, हे लक्षात ठेवा. या दोघांच्या पेटीबंद डब्यात कंपनीचा पंखा येतो, वेगळा लिक्विड कूलर घेऊ नका, तो फक्त काचेतून छान दिसतो. दोघेही डीडीआर-4 रॅमवर चालतात, 12400एफ घेतलात तर बोर्ड डीडीआर-4 चाच बघा. रॅम 8-8 च्या दोन पट्ट्या, 16 ची एक नको, कारण दोन असल्या की वेग वाढतो. एनव्हीएमई एसएसडी. आणि दिवे शून्य.

जुनं कार्ड घ्यायला हरकत नाही, पण सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि दिवसरात्र राबवलेली कार्डं बाजारात आली, हे ध्यानात ठेवा. आरएक्स 580 मध्ये तर आणखी गंमत. '2048एसपी' लिहिलेलं असेल तर ते खरं 580 नाही. खऱ्यात 2304 कोअर असतात, हे नाव बदललेलं 570 आहे.

सगळ्यात जास्त ज्याच्याबद्दल बोलायचंय तो पॉवर सप्लाय. त्या 72 हजारांच्या डब्यात तो बिननावाचा होता, वर '500 वॉट' छापलेलं, हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका. लेबलवर 12 व्होल्टच्या रकान्यात अँपिअर बघा आणि बाराने गुणा. 15 अँपिअर असतील तर 180 वॉट. एवढाच तो प्रोसेसरला आणि कार्डाला देणार, 500 ही छापखान्याची किमया. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते, आली की कशी येते, हे मी सांगायला नको. मशीन खपाटून जातं ते गेममुळे नाही, या डबड्यामुळे. नावाजलेल्या कंपनीचा, '80 प्लस' प्रमाणपत्राचा साडेपाचशे वॉटचा घ्या, काही वर्षांची वॉरंटी असलेला. आणि आधी वायरमनकडून घरचं अर्थिंग तपासून घ्या, त्याला दोन-तीनशे रुपये लागले तरी द्या. तळमजल्यावर राहत असाल तर मशीन जमिनीवर ठेवू नका. 22 जुलै 2021 ला बाजारपेठेत काय झालं ते आपण विसरलेलो नाही.

दुकानदार मित्र म्हणतील, ऑनलाइनच्या भावात आम्ही कसे टिकायचे? प्रश्न बरोबर आहे. महिन्याला दोन-चार मशीन विकणाऱ्याला कंपनी भाव देत नाही. पण मग जोडणीची मजुरी उघडपणे घ्या ना! हजार-दोन हजार, जे असेल ते, बिलावर वेगळी ओळ टाकून. लॅमिंग्टन रोड इथून पावणेदोनशे किलोमीटर. बंद पडलेलं कार्ड घेऊन कोण तिथपर्यंत जाणार? जवळचा माणूस भरवशाचा असेल तर लोक चार पैसे जास्त देतील. महाडमध्ये असं नीट काम करणारे आहेतही, पण त्यांच्या दुकानात दिवे कमी असतात, म्हणून पोरं तिकडे फिरकत नाहीत.

ज्यांनी गेल्या दोन वर्षांत असं मशीन घेतलंय, त्यांनी आज रात्री 'सीपीयू-झेड' आणि 'जीपीयू-झेड' ही दोन फुकटची सॉफ्टवेअर मूळ साइटवरून उतरवून चालवा. कार्डाची नोंद बनावट करून विकलेली असेल तर जीपीयू-झेड बऱ्याचदा तसं सरळ लिहून दाखवतं. त्या दोन्ही स्क्रीनचे आणि तुम्हाला मिळालेल्या पावतीचे फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. तुमचं नाव कुठेही येणार नाही. बिरवाडीच्या त्या काकांची तक्रार याच आठवड्यात जातेय, आणखी कुणाला करायची असेल तर कागद सोबत बसून तयार करू. रविवारी सकाळी मी मोकळा असतो.