चाकरी आणि वाणी

मनुष्य चाकरी पत्करतो तेव्हा तो आपले श्रम तेवढे देतो, की आपली वाणीही गहाण टाकतो? हा प्रश्न नोकरीत असलेल्या पालकांस व पुढे ती करणाऱ्या विद्यार्थ्यांस सारखाच लागू आहे.

या बाबतीत प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे उदाहरण मननीय आहे. ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले व त्या विषयाचा उघड पुरस्कार चालविला. मिशनरी चालकांस तो रुचला नाही, आणि १९२५ साली कर्व्यांस जागा सोडावी लागली. गणिताच्या अध्यापनाशी या वादाचा काडीचाही संबंध नव्हता. पुढे १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक अखेरपर्यंत चालविले. आणि १९५२ साली भारत सरकारनेच कुटुंबनियोजनाचे कार्य हाती घेतले!

चालकांचीही बाजू आहे. पालक मुले संस्थेच्या हवाली करतात, आणि शिक्षकाचा शब्द लोक संस्थेचाच समजतात. अमेरिकेत न्यायमूर्ती होम्स यांनी १८९२ साली अशा आशयाचा निर्णय दिला की, राजकारणावर बोलण्याचा हक्क पोलिसास असेल, परंतु पोलीस राहण्याचा हक्क त्यास नाही. उलट, चाकरीत शिरल्याने मूलभूत हक्क नाहीसे होत नाहीत, असे आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली सांगितले. मात्र घटनेचे एकोणिसावे कलम मुख्यत्वे सरकारास बांधते; खासगी संस्थेत चालकांच्या विवेकावरच पुष्कळसे अवलंबून राहते.

आमच्या मते त्या विवेकाची कसोटी सोपी आहे. वर्गात अथवा संस्थेच्या नावाने जे बोलले जाते, त्याचा जाब संस्थेने अवश्य विचारावा. कोणाविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्याच्या हाती मुले देऊ नयेत, हेही खरे. परंतु नागरिक या नात्याने कोणी आपले मत सभ्यपणे मांडले, व त्याच्या कामात उणे नसले, तर केवळ ते अप्रिय म्हणून त्याची भाकरी हिरावणे अन्यायाचे होय.

आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यातील बांध पाहा. तो बोरी नदीस अडवितो खरा, पण नर व मादी या वाटांनी तिला जाऊही देतो. म्हणूनच तो शतकानुशतके टिकला. शिस्तीचेही असेच आहे. विद्यार्थीमित्रहो, उद्या तुम्ही कोणाचे धनी व्हाल, तेव्हा हा बांध आठवा.