एकाच चुलीवरचे जेवण, मग आजार वेगळा का?

परवा माणगावच्या बाजारात शेजारच्या वहिनी भेटल्या. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांचे मालक कोरोनाने गेले. वय अवघे ५२. त्याच घरात ७६ वर्षांच्या सासूबाईंना दोन दिवस कणकण आली आणि तिसऱ्या दिवशी त्या भाकऱ्या थापायला बसल्या. नातवंडांना तर साधी शिंकही आली नाही. "एकाच चुलीवरचे जेवलो, एकाच खोलीत निजलो. मग यांनाच का हो?" वहिनी विचारतात. मुंबईहून आलेला मुलगा अजून मान वर करून बोलत नाही. आजार त्याने आणला, असे भावकीत बोलले गेले.

असे घर वस्तीवस्तीत आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आम्हाला जसे समजले तसे मांडतो.

विषाणू अंगात शिरला की आपल्या पेशी प्रथम इंटरफेरॉन नावाची द्रव्ये सोडतात. ही जणू राखणदाराची आरोळी. आरोळी वेळेवर उठली तर विषाणू नाकाघशातच दबतो. मग प्रतिपिंडे आणि टी पेशी यांची फौज तयार होते. तिला काही दिवस लागतात. आरोळीच उशिरा उठली तर तोवर विषाणू फुप्फुसात पसरतो. मागाहून जागी झालेली फौज बेभान होते आणि आपल्याच फुप्फुसावर तुटून पडते. कित्येकांचा घात या बेभान फौजेने केला. म्हणूनच फौजेला आवरणारे डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना उपयोगी पडते, हे २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडात सिद्ध झाले. मात्र ज्यांना ऑक्सिजन लागत नाही, त्यांना त्याचा फायदा नाही. ते मनाने कधीही घेऊ नये.

आता आरोळी दबते कशाने? वय वाढले की ती मंदावते. मधुमेह आणि फार वाढलेले वजन यांनीही फौजेची शिस्त बिघडते. काहींच्या रक्तात तर इंटरफेरॉनलाच मारणारी प्रतिपिंडे असतात. २०२० साली शास्त्रज्ञांनी ९८७ अत्यवस्थ रुग्ण तपासले. त्यांपैकी १०१ जणांत ती सापडली आणि त्यांत ९५ पुरुष होते. वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला याचा पत्ताही नसतो. यात कोणाचे पाप नाही, नशीब नाही, कोणाचा कोप नाही. कारण आहे, आणि ते शोधता येते.

मुलाच्या मनातल्या शल्याविषयीही सांगू. २०२० च्या जुलैमध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतल्या १०० पैकी ५७ जणांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडे निघाली, इमारतींत १६ जणांच्या. त्यांतल्या बहुतेकांना आजार होऊन गेल्याचे कळलेही नव्हते. मग घरात विषाणू कोणी आणला, मुलाने, बाजाराने की पाहुण्याने, हे कोण छातीवर हात ठेवून सांगणार? ते ओझे त्या पोराच्या खांद्यावरून उतरवा.

वहिनींच्या मालकांना मधुमेह होता. तो कळला दवाखान्यात दाखल केल्यावर. खरी चुटपुट इथे आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. "मला काय झालंय?" म्हणणाऱ्या पुरुषांनी तर आधी. लस घेतलेल्याच्या शरीराला शत्रूची ओळख आधीच पटलेली असते, हेही विसरू नये. आणि आपल्याला काही झाले नाही म्हणून कोणी मिशीला पीळ देऊ नये. आपल्याला सोसले ते शेजारच्या म्हातारीला सोसेलच असे नाही. ताप-खोकला असेल तेव्हा तिच्यापासून चार हात लांब बसावे. खिडकी उघडी ठेवावी.

वहिनींना आम्ही एवढेच सांगितले. त्या म्हणाल्या, "आज पोराला जवळ बसवून हे सांगते."