चावीच्या दोन टोकांना

नळाला पाणी आले नाही, की मुंबईकर आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि मग महापालिकेला बोल लावतो. पाणी आले, तर कुणाचीच आठवण काढत नाही. माझ्या मते जलअभियंता खात्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र नको.

या खात्याचा पसारा थोडाथोडका नाही. १८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात आले, तेव्हापासून तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा करीत २०१४ मध्ये मध्य वैतरणेपर्यंत मजल गेली. सात तलावांचे पाणी भांडुप, पांजरापूर अशा ठिकाणी शुद्ध करायचे, टेकड्यांवरच्या जलाशयांत चढवायचे, गळती शोधायची, नमुने तपासायचे, मीटर वाचायचे, टँकर पाठवायचे. शिवाय ठरल्या वेळी रस्त्यातली झडप फिरवणारा चावीवाला! आपल्या वस्तीला पाणी किती वाजता येणार, हे मंत्रालयात नव्हे, त्याच्या चावीवर ठरते. एवढ्या यंत्रणेचा अभिमान वाटलाच पाहिजे.

पण या सगळ्या सेवांचा दरवाजा एकच: नळजोडणी. तिला पुरावा लागतो, आणि १ जानेवारी २००० नंतर झोपडी बांधणाऱ्याकडे तो नव्हता. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशा रहिवाशांना कायदेशीर रहिवाशांच्या बरोबरीने पाणी मागता येणार नाही, पण ते सर्वस्वी नाकारताही येणार नाही. जगण्याच्या हक्कातच पाणी आले. ‘सर्वांसाठी पाणी’ हे महापालिकेचे धोरण मात्र उजाडले २०२२ मध्ये. मधल्या वर्षांत त्या वस्त्यांतल्या बायका पाण्यावाचून थोड्याच राहिल्या? त्यांनी ते हंड्याच्या, पिंपाच्या भावाने विकत घेतले. ज्याच्याकडे मीटर नाही, त्यालाच पाणी महाग. पाणी चोरीला जाते म्हणून ओरडणाऱ्यांनी हा हिशेबही एकदा मांडावा.

आता जलवाहिनीचे दुसरे टोक पाहा. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. तिथले पाणी मुंबईच्या इमारतींत गच्चीवरच्या टाकीपर्यंत पोहोचते आणि त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात! तानसा महापालिकेचे, भातसा राज्य सरकारचे आणि गावाच्या पाण्याची जबाबदारी ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची. ज्याने त्याने आपापले काम चोख बजावले, तरी पाड्यावरची विहीर कोरडीच राहते, कारण धरण आणि पाडा यांना जोडणे हे काम या तिघांपैकी एकाच्याही यादीत आपसूक येत नाही. इगतपुरीकडच्या भावली धरणातून शहापूरला पाणी आणण्याची योजना आखली गेली आहे, ती व्हावीच. पण आपल्याच शिवारातले पाणी शहराला देऊन स्वतःसाठी शेजारच्या तालुक्यातून आणायचे, हा उफराटा प्रवास त्या माणसांनी का करावा, हे त्यांना कुणी समजावून सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.