गार हवेची गोष्ट

दिवाळी अंकात काय लिहावे याचे काही संकेत ठरलेले आहेत. पहाटेचे अभ्यंगस्नान, बिघडलेला चकलीचा घाणा, फार तर बोनसची वाटणी! पण माझ्या डोक्यात यंदाचा वैशाख अजून तापतो आहे. त्याला कारण आमच्या हिंगोलीच्या घरामागे पत्र्याखाली उभी असलेली अण्णांची कॉन्टेसा. तेव्हा वाचकांनी करंजीची ताटली जवळ ओढून घ्यावी. मी गाडीचे बॉनेट उघडतो.

तिशीच्या आतल्या वाचकांना कॉन्टेसा कोण हे सांगावे लागेल. ही गाडी बंगालमध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यात 1984 पासून 2002 पर्यंत तयार होत असे. लांबरुंद, ऐसपैस, पेट्रोल पिण्यात कोणाला हार न जाणारी. आमची 1990 सालची. अण्णांनी ती 1996 मध्ये जुनी म्हणून घेतली. तिच्यात एक बटण होते, आणि ते दाबले की गार हवा येई. आमच्या आळीत त्या बटणाचे दर्शन घ्यायला माणसे येत.

तीन उन्हाळे ते सुख आम्ही उपभोगले. मग आले 1999 साल. 1 मे रोजी हिंगोली परभणीतून वेगळी होऊन जिल्ह्याचे ठिकाण झाली, आणि त्याच महिन्यात आमची गार हवा बंद झाली. अण्णा म्हणाले, "काचा खाली करा. देवाची हवा फुकट असताना पेट्रोल कशाला जाळायचं?" आई टॉवेल ओला करून डोक्यावर घेऊ लागली. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. माझे वडील कंजूष आहेत, असा निकाल मी त्या दिवशी देऊन टाकला आणि पाव शतक तो बदलला नाही. बोलून दाखवला नाही, इतकेच.

अण्णांना जाऊन तीन वर्षे झाली. गाडी त्याच्याही आधीपासून उभीच होती. गेल्या हिवाळ्यात मी टाकी, कार्बोरेटर, ब्रेक असे सगळे साफ करून घेतले, कागदपत्रे नव्याने केली आणि ती चालती केली. आणि ऐन वैशाखात आई म्हणाली, "ह्यांच्या गाडीतून मला एकदा औंढ्याला नेऊन आण."

आईचे वय एकोणऐंशी. बाहेर पारा चाळिशीच्या वर. डॉक्टरांनी उन्हात फिरायला बंदी केलेली. म्हटले, गार हवेची भाड्याची गाडी सांगतो. त्यावर ती म्हणाली, "मग राहू दे." वाचकांपैकी ज्यांना आई आहे, त्यांना या तीन शब्दांचे वजन ठाऊक असेल.

पहिला कारागीर आला, त्याने बॉनेटखाली डोकावले आणि सांगितले, "स्वयंपाकाचा गॅस भरून देतो. अर्ध्या तासात बर्फ!" यात फसवणूक अशी नाही. त्या गॅसने हवा गार होते, आणि धोका आहे तो त्यातच. तो गॅस पेट घेणारा. एखादी नळी आत पाझरली आणि ठिणगी पडली, तर बंद गाडीत माणसाला पळायला वाट नाही. देवदर्शनाला निघालेल्या आईला शेगडीवर बसवून नेण्याची माझी तयारी नव्हती.

दुसरे आले ते चाचा. सत्तरीला टेकलेले, कानाला लेखणीसारखा टेस्टर खोचलेला. त्यांनी आधी गाडी सुरू करून नुसती ऐकली. मला म्हणाले, "भाऊ, माठातलं पाणी गार का होतं? बाहेर पाझरलेलं पाणी उडून जाताना ऊब घेऊन जातं. इथंबी तेच हाय. फक्त पाण्याच्या जागी गॅस, आन् उडालेला गॅस दाबून परत वापरायचा." इतक्या थोड्या शब्दांत हा विषय मला कॉलेजातही कोणी शिकवला नव्हता.

मग तपासणी सुरू झाली. पंखा फिरतो का? त्यातून उंदराचे घरटे काढल्यावर फिरू लागला. फ्यूज ठीक. बटण दाबले, पट्ट्यावरची चकती फिरत होती, पण तिच्या पुढची क्लचची तबकडी जागची हलेना. नळ्यांना मीटर लावले, तर काटा शून्यावर. म्हणजे गॅस केव्हाच उडून गेलेला. एवढ्यात चाचांनी मला खाली वाकायला सांगितले.

"ही तार तुटलेली नाही. कोणीतरी सोडवून ठेवलीय."

क्लचला वीज देणारी तार निसटवून, टोकावर काळी टेप गुंडाळून, वर दोऱ्याचे दोन वेढे देऊन बाजूला नीट बांधली होती. ते वेढे मी ओळखले. चष्म्याची काडी असो की छत्रीची मूठ, अण्णा असेच बांधत.

"बघा!" मी जवळजवळ विजयाने म्हणालो. "कोणी गार हवा लावूच नये म्हणून तारच काढून ठेवली!"

चाचांनी मान हलवली. "उलटं हाय, भाऊ. कंप्रेसरचं तेल गॅससंगं फिरतं. गॅस संपल्यावर कोणी चुकून बटण दाबलं असतं, तर कंप्रेसर कोरडा फिरून जाम झाला असता. तार सोडली म्हणून तो आज हातानं फिरतोय. पुढं कधी दुरुस्त करायचं मनात नसंल, तर माणूस एवढं कशाला करंल?"

मी काही बोललो नाही. रात्री आई मेथी निवडत बसली होती, तिला विचारले. ती मान वर न करता म्हणाली, "त्याच महिन्यात तुझ्या होस्टेलचे पैसे भरायचे होते. मिस्त्रीनं खर्च सांगितला. हे म्हणाले, दोन्हींतलं एकच होईल. पोराला सांगू नकोस, मनाला लावून घेईल."

"मग इतक्या वर्षांत तरी सांगायचं!"

"तू विचारलास का कधी?"

दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या हाताखाली पोरगा म्हणून राबलो. त्यांनी नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरून सांध्यासांध्यांवर साबणाचा फेस लावला. कंप्रेसरच्या दांड्याजवळ फेसाचे बुडबुडे आले. तिथले सील सुकून चिरले होते. यंत्र चालत असले की तेल सीलपर्यंत पोचून ते ओले राहते. उभे राहिले की कोरडे पडते. सील आणि सांध्यांतली रबरी कडी नवी बसवली. ओल शोषणारा ड्रायर तर बदलावाच लागतो. उघड्या राहिलेल्या नळ्यांतली दमट हवा पिऊन तो निकामी झालेला असतो.

जुना आर-12 गॅस आता भरता येत नाही. तो आकाशातल्या ओझोनच्या थराला खातो, हे मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये दाखवून दिले. 1987 मध्ये माँट्रियलला राष्ट्रांचा करार झाला. आपल्याकडेही 2010 पर्यंत त्याचे उत्पादन संपले. त्याच्या जागी आलेला आर-134ए ओझोनला सोडतो, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त. म्हणून गळती न काढता दर उन्हाळ्याला गॅस भरत राहणे, हे खिशालाही वाईट आणि जगालाही. नव्या गॅसला जुने तेल मानवत नाही, तेव्हा तेही काढून दुसरे घातले.

मग व्हॅक्यूम पंप तासभर चालला. नळ्यांतला दाब वातावरणाच्या चोविसाव्या हिश्शाखाली गेला की पाणी तीस अंशांवरच उकळते, आणि चुकून राहिलेली ओल वाफ होऊन निघून जाते. न गेली तर गॅसच्या बारीक छिद्राशी तिचा बर्फ होऊन वाट अडते. पंप घुरघुरत असताना माझ्या मनात आले, आमच्याच जिल्ह्यात, औंढा तालुक्यात, लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. 2023 साली केंद्र सरकारने तिला सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून जवळजवळ सारी हवा उपसून दूरच्या ताऱ्यांच्या टकरींची थरथर ऐकायची! चाचांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "नळ्या केवढ्याबी असू द्या, गळती आधी बघायची."

पंप थांबवून अर्धा तास वाट पाहिली. काटा हलला नाही. मग गॅस वजनावर भरला, जुन्या मापाच्या 80 ते 85 टक्केच. जास्त भरला की थंडावा वाढत नाही, दाब वाढतो. शेवटी चाचांनी काळी टेप सोडवली आणि तार जागेवर लावली. "टक्" असा आवाज झाला. कित्येक वर्षांनी क्लचने कंप्रेसरला धरले होते.

सोमवारी औंढ्याला निघालो. आईने सवयीने ओला टॉवेल पिशवीत घेतला होता. नागनाथाचे दर्शन झाले, परतताना बाहेर 41 अंश होते आणि सौभाग्यवतीने जाळीपाशी धरलेला तापमापक 13 दाखवत होता. आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. टॉवेल पिशवीतच राहिला. हिंगोली दिसू लागली, तेव्हा ती म्हणाली, "आता बंद कर. गाव आलं. उगाच पेट्रोल जातं."

मी बंद केले आणि काचा खाली घेतल्या. अण्णांची ती फुकटची हवा तोंडावर आली. तशीच गरम, पण या वेळी मला तिचा राग आला नाही.

चाचांनी जाताना बजावले आहे, महिन्यातून एकदा दहा मिनिटे गार हवा लावायचीच. थंडीतसुद्धा, नाहीतर सील पुन्हा सुकेल. तेव्हा या पाडव्याला आमच्याकडे फराळानंतर तो कार्यक्रम आहे. आई मागे बसणार आहे. शाल तिने आतापासूनच काढून ठेवली आहे.