हस्तक्षेप आणि विवेक

बलाढ्य राष्ट्राने परक्या देशात सैन्य धाडावे काय, या प्रश्नाला आपल्या चळवळीत एकच ठरलेले उत्तर दिले जाते: नाही. हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर ठरले आहे. परंतु ते सोपे आहे असे मानणे समाजवाद्यांना शोभणारे नाही.

१९९४ सालचे रवांडा पाहा. सुमारे १०० दिवसांत तेथे आठ लाखांच्या आसपास माणसे कापली गेली. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते. कत्तल सुरू असतानाच, २१ एप्रिलला, सुरक्षा समितीने आपली शांतिसेना अवघ्या २७० माणसांवर आणण्याचा निर्णय घेतला. येथे कोणीही आक्रमण केले नाही, म्हणून कोणाचे हात स्वच्छ राहिले असे म्हणता येईल काय? सार्वभौमत्व मारणाऱ्या सत्तेचे की मरणाऱ्या जनतेचे, हा प्रश्न रवांडाने कायमचा उभा करून ठेवला आहे.

आता दुसरी बाजू. मार्च २०११ मध्ये लिबियातील नागरिकांच्या संरक्षणासाठी बळाचा वापर करण्यास सुरक्षा समितीने मान्यता दिली. भारतासह पाच राष्ट्रे तटस्थ राहिली. संरक्षणाच्या नावाने निघालेली मोहीम पाहता पाहता सत्तांतराची मोहीम झाली. २० ऑक्टोबरला गद्दाफी मारला गेला आणि अकराच दिवसांनी नाटोने आपले काम आटोपले. मागे उरल्या सशस्त्र टोळ्या, २०१४ पासून दुभंगलेली सत्ता आणि मालीपर्यंत पोहोचलेली शस्त्रे. नागरिकांना असलेला धोका फुगवून सांगितला गेला, हे ब्रिटिश संसदेच्या समितीनेच २०१६ साली नमूद केले. बॉम्बफेकीसाठी तिजोरी खुली होते. पुनर्रचनेच्या वेळी मात्र ती बंद होते. हे हस्तक्षेपाचे खरे अर्थशास्त्र होय.

तिसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. १९७१ साली सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. तरीही डिसेंबरमध्ये युद्धबंदीचा आणि सैन्य मागे घेण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत १०४ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला. भारताचे हेतू निखळ परोपकाराचे होते असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु बांगलादेशाच्या जनतेने १९७० च्या निवडणुकीत आपला कौल दिलेला होता, आणि मार्च १९७२ पर्यंत भारतीय सैन्य परतले होते.

तेव्हा कसोटी हेतूंच्या घोषणेची नव्हे. पीडित जनतेने मदत मागितली आहे काय, सैन्य केव्हा परतणार, आणि मोडलेले घर उभारण्याचा भार कोण उचलणार, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारले पाहिजेत. आणि ते प्रत्येकाला विचारले पाहिजेत. १९५६ साली हंगेरीत शिरलेल्या सोव्हिएत रणगाड्यांविषयी जो मौन पाळतो, त्याला २००३ च्या इराकवरील आक्रमणाचा निषेध करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही; आणि इराकचे समर्थन करणाऱ्याने हंगेरीचे अश्रू ढाळू नयेत. रणगाड्यावरील निशाण पाहून ज्याचा विवेक जागा होतो, त्याचा तो विवेक नव्हे, पक्षपात होय.